मोठ्या सी कोडमधील [०] आणि [१] चे ॲरे नव्या घोषणेत आणताना

गोव्यात रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीवर किती वाहने चढणार, हे रॅम्प उचलला जाईपर्यंत कोणालाच नक्की सांगता येत नाही. अशा प्रत्येक फेरीची नोंद सी भाषेत ठेवायची झाली, तर सुरुवातीला वेळ आणि वाहनांची संख्या यांसाठी ठरावीक जागा लागते आणि तिच्यामागे जितकी वाहने तितक्या नोंदी लागतात. १९८९ च्या सी प्रमाणात अशा लांबत जाणाऱ्या स्ट्रक्चरसाठी अधिकृत सोय नव्हती. म्हणून प्रोग्रामर शेवटचा ॲरे एकाच घटकाचा घोषित करीत आणि मॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडून जास्तीची जागा मागून घेत. जीसीसी या कंपायलरने शून्य घटकांचा ॲरे लिहिण्याची स्वतःची वाढीव सोय दिली. पुढे १९९९ च्या प्रमाणाने, म्हणजे सी९९ ने, रिकाम्या कंसाची घोषणा आणली आणि तिला फ्लेक्झिबल ॲरे मेंबर असे नाव दिले. या तिन्ही पद्धती आजही एकाच कोडमध्ये, कधी कधी एकाच हेडर फाइलमध्ये, शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

स्ट्रक्ट फेरी {
    यू३२ वेळ;
    यू३२ वाहन_संख्या;
    स्ट्रक्ट वाहन वाहने[१];
};

या लेखात कोडच्या ओळी वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना अर्थातच मूळ कीवर्ड वापरावेत. यू३२ म्हणजे ४ बाइटचा, ऋण नसलेला पूर्णांक. वाहनाची एक नोंद ४ बाइटची आहे असे धरू: २ बाइट प्रकारासाठी आणि २ बाइट भाड्यासाठी. लेखभर हेच उदाहरण पुन्हा पुन्हा येईल.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पणजीच्या एखाद्या लहान कार्यालयात वीस-वीस वर्षे जुना सी कोड सांभाळणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न असा असतो की, जे चालते आहे त्याला हात कशाला लावायचा. याचे उत्तर कंपायलरच्या वागण्यात आहे. एका घटकाचा ॲरे प्रत्यक्षात शंभर घटकांचा म्हणून वापरला जातो, हे कंपायलर लिहिणाऱ्यांना ठाऊक असल्यामुळे जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपायलर मूळ सेटिंगमध्ये स्ट्रक्चरच्या शेवटी येणाऱ्या प्रत्येक ॲरेला लवचीक समजतात. हा नियम [१] पुरता थांबत नाही. तुमच्या स्ट्रक्चरच्या शेवटी बोटीच्या नावासाठी प्रामाणिकपणे [१६] अशी जागा ठेवलेली असेल, तरी तिचीही मर्यादा कंपायलर गृहीत धरत नाही. मेमकॉपी या बाइट नकलणाऱ्या फंक्शनने त्या सोळा बाइटांत चाळीस बाइट ओतले, तरी फोर्टिफाय सोर्ससारखी, मर्यादेबाहेरचे लेखन पकडणारी तपासणी गप्प बसते, कारण तिला त्या ॲरेचा आकार ‘अज्ञात’ म्हणून कळवलेला असतो. काही खोट्या घोषणांची किंमत अशा रीतीने साऱ्या खऱ्या घोषणा मोजत राहतात.

लिनक्स कर्नलमध्ये याच कारणासाठी कर्नल सेल्फ प्रोटेक्शन प्रोजेक्टच्या छत्राखाली गुस्ताव्हो सिल्व्हा, कीस कुक आणि इतरांनी वर्षानुवर्षे हे बदल केले. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.५ या आवृत्तीत सर्व कर्नलसाठी कंपायलरच्या ‘स्ट्रिक्ट-फ्लेक्स-ॲरेज’ या पर्यायाची सर्वांत कडक पातळी लागू झाली, जी फक्त रिकाम्या कंसाच्या ॲरेलाच लवचीक मानते. आपला कोड कर्नलएवढा मोठा नसला, तरी त्यांनी वापरलेला क्रम आणि साधने जशीच्या तशी कामाला येतात. पुढील टप्पे चार-पाच लाख ओळींचा कोड आणि दोन-तीन माणसांची तुकडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत.

पहिला टप्पा: कामाआधीची मांडामांड

प्रथम कंपायलरची आवृत्ती पाहावी. या लेखातील कडक पातळ्या जीसीसी १३ आणि क्लँग १६ यांपासून पूर्णपणे उपलब्ध आहेत. प्रत्यक्ष उपकरणासाठीचा क्रॉस-कंपायलर जुना असेल आणि तो बदलणे तुमच्या हातात नसेल, तर निदान विकासकाच्या संगणकावर नव्या कंपायलरने तोच कोड बांधला जाईल अशी वेगळी व्यवस्था करावी. शोधाचे बहुतेक काम तिथेच होते. रिकाम्या कंसाची घोषणा स्वतः मात्र सी९९ समजणाऱ्या कोणत्याही कंपायलरला चालते. त्यामुळे घोषणा आज बदलून कडक पातळी नंतर चालू करणेही शक्य आहे.

त्यानंतर बदल करण्यापूर्वीच्या कोडचे एक पूर्ण बिल्ड करून त्याच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली डीबग माहितीसह बाजूला ठेवाव्यात. पुढे प्रत्येक पावलाला तुलनेसाठी हीच आधाररेषा लागणार आहे. बिल्ड पुन्हा केल्यावर तेच बाइट येतात की नाही, हेही याच वेळी तपासावे. कोडमध्ये बिल्डची तारीख-वेळ भरणारे मॅक्रो असतील, तर दोन बिल्ड कधीच सारखी येणार नाहीत. असे मॅक्रो तुलनेच्या बिल्डपुरते स्थिर करावेत. आमच्याकडे हे काम जूनमध्ये सुरू झाले आणि वीज दर तासाला जात-येत असल्यामुळे पहिली आधाररेषा मिळवायलाच तीन रात्री गेल्या. शक्य असेल तर ऋतू पाहून सुरुवात करावी.

दुसरा टप्पा: यादी तयार करणे

ग्रेप या साध्या मजकूर-शोधाच्या साधनाने [०]; आणि [१]; असा शेवट असलेल्या ओळी शोधल्या, तर दहा मिनिटांत कच्ची यादी मिळते, पण ती दोन्ही बाजूंनी चुकते. घटकसंख्येच्या जागी मॅक्रो लिहिलेला असेल तर ती घोषणा निसटते. विंडोजच्या हेडर फाइलींमध्ये याच कामासाठी किंमत १ असलेला एनीसाइझ-ॲरे हा मॅक्रो आहे, आणि तशी नक्कल अनेक खासगी कोडमध्ये आढळते. उलट बाजूने, खरोखरच एका घटकापुरते असलेले ॲरे यादीत विनाकारण शिरतात. म्हणून यानंतर कॉक्सिनेल वापरावे. ज्युलिया लॉल यांच्या पुढाकाराने तयार झालेले हे साधन सी कोडची रचना ओळखून शोध घेते आणि ‘स्ट्रक्चरचा शेवटचा सदस्य एका घटकाचा ॲरे आहे’ अशी अट त्याला सरळ देता येते. कर्नलच्या कोडमध्ये या कामासाठीची तयार कॉक्सिनेल स्क्रिप्ट आहे. ती वाचून आपल्या गरजेप्रमाणे बदलावी.

तिसरे साधन पाहोल. ते डीबग माहितीवरून प्रत्येक स्ट्रक्चरचा प्रत्यक्ष आराखडा, म्हणजे कोणता सदस्य कितव्या बाइटवर आहे आणि मध्ये कोठे रिकामी भोके आहेत, हे छापते. त्याचे कर्ते आर्नाल्दो कार्व्हालो द मेलो. आडनाव ऐकून आमच्या कार्यालयातील एकाला ते मडगावचे वाटले होते, पण ते ब्राझीलचे आहेत. आधाररेषेच्या बिल्डवर पाहोल चालवून त्याचे सगळे छापील निष्पन्न जपून ठेवावे.

एवढे झाले की कडक पातळी ३ आणि ॲरेच्या मर्यादेविषयीचे इशारे चालू करून एक प्रायोगिक बिल्ड करावे. या बिल्डमधून आलेले इशारे पहिल्या दोन शोधांना न सापडलेली तिसरी जात उघडी पाडतात: [४] किंवा [८] असा आकार लिहून प्रत्यक्षात हवे तितके घटक वापरणारे ॲरे. ही जात सर्वांत धोक्याची आहे, कारण तिची घोषणा वाचणाऱ्याला पूर्ण खरी वाटते.

यादीत प्रत्येक स्ट्रक्चरसमोर चार गोष्टी लिहाव्यात: घोषणेचा प्रकार, साइजऑफ (बाइटांतील आकार देणारा सीचा ऑपरेटर) कुठे कुठे वापरले आहे, हे स्ट्रक्चर प्रोग्रामबाहेर जाते का, आणि घटकांची संख्या सांगणारा सदस्य कोणता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असलेली स्ट्रक्चरे वेगळी काढावीत. फाइल, नेटवर्क, सामायिक मेमरी, उपकरणाचे रजिस्टर किंवा दुसऱ्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम, यांपैकी कुठेही ती पोहोचत असतील तर त्यांच्यासाठी वेगळा रस्ता आहे.

तिसरा टप्पा: आधी [०]

शून्य घटकांच्या ॲरेपासून सुरुवात करावी, कारण ही घोषणा रिकाम्या कंसात बदलल्याने स्ट्रक्चरचा आकार आणि आराखडा बदलत नाही. बहुतेक ठिकाणी बदल अक्षरशः एका अंकाचा असतो आणि तयार होणारा मशीन कोड बाइटशः तोच राहतो. मात्र तीन ठिकाणी कंपायलर अडून बसेल, आणि तो अडला तर त्याचे आभार मानावेत.

पहिले ठिकाण म्हणजे असा ॲरे स्ट्रक्चरच्या शेवटी नसणे. [०] कुठेही लिहिला तरी जीसीसी तक्रार करत नाही. रिकामा कंस मात्र शेवटीच चालतो. चेल्सिओच्या सीएक्सजीबी३ या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नेमके असे घडले होते. स्ट्रक्चरच्या शेवटी [०] चा ॲरे होता, नंतर कोणीतरी त्याच्याखाली आणखी एक सदस्य जोडला, आणि ॲरेचा पहिला घटक व तो नवा सदस्य एकाच जागेवर येऊन बसले. रिकामा कंस असता तर तो बदल कंपाइलच झाला नसता.

दुसरे ठिकाण म्हणजे त्या ॲरेवरच साइजऑफ लावलेले असणे. [०] वर ते निमूटपणे शून्य देते, रिकाम्या कंसावर ते त्रुटी ठरते. अशा ओळी वाचून पाहिल्या तर लिहिणाऱ्याला बहुधा एका घटकाचा आकार हवा होता असे लक्षात येते, म्हणजे तो दोष इतकी वर्षे दडून बसलेला होता. तिसरे ठिकाण म्हणजे युनियनमध्ये किंवा दुसरा कोणताही सदस्य नसलेल्या स्ट्रक्चरमध्ये असा ॲरे असणे. प्रमाण सी या दोन्हींना परवानगी देत नाही. जीसीसी १५ पासून ही बंदी सैल झाली आहे. जुन्या कंपायलरसाठी कर्नलने डिक्लेअर-फ्लेक्स-ॲरे नावाचा मॅक्रो लिहिला, जो ॲरेला एका निनावी स्ट्रक्चरमध्ये रिकाम्या सदस्याच्या सोबतीने बसवतो. रिकामे स्ट्रक्चर ही स्वतःच जीएनयूची वाढीव सोय आहे, त्यामुळे जीसीसी व क्लँगखेरीज इतर कंपायलर वापरणाऱ्यांनी हा मॅक्रो डोळे मिटून उचलू नये.

चौथा टप्पा: [१] आणि साइजऑफचा हिशेब

खरे काम इथे आहे. घोषणेतील १ पुसायला एक क्षण लागतो. त्या एका घटकावर विसंबून लिहिलेले हिशेब शोधायला आठवडे लागतात.

वरच्या फेरी स्ट्रक्चरचा जुना साइजऑफ १२ आहे: ८ बाइटची ठरावीक जागा आणि ४ बाइटचा एक घटक. रिकामा कंस केल्यावर तो ८ होतो. जुना कोड जागा मागताना ‘साइजऑफ अधिक, संख्या वजा एक, गुणिले घटकाचा आकार’ असा हिशेब करतो. सहा वाहनांसाठी तो १२ + २० = ३२ बाइट मागत होता. घोषणा बदलली आणि हा हिशेब तसाच राहिला, तर तो ८ + २० = २८ बाइट मागेल, आणि सहावे वाहन मिळालेल्या जागेच्या बाहेर लिहिले जाईल.

हा दोष चाचणीत दिसेल असे मानू नये. मी स्वतः एका संध्याकाळी, अति उत्साहात, चाळीस हेडर फाइली एकाच कमिटमध्ये बदलल्या होत्या आणि त्यांपैकी एका ठिकाणी हीच चूक राहिली. एक, दोन, तीन आणि सहा वाहनांच्या चाचण्या व्यवस्थित पार पडल्या. कारण ६४-बिट लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीचे मॅलॉक मागितलेला आकार वर ओढून २४, ४०, ५६ अशा पायऱ्यांनी वापरण्याजोगी जागा देते. २८ बाइट मागितले तरी ४० मिळतात आणि कमी पडलेले ४ बाइट त्यात पचून जातात. पाच वाहने असली की चुकीचा हिशेब बरोबर २४ मागतो, मिळतातही २४, आणि लिहायचे असतात २८. तसेच नऊ आणि तेरा वाहनांना. म्हणजे काही ठरावीक फेऱ्यांनाच शेजारच्या तुकड्याची नोंद खराब होत असे आणि प्रोग्राम कोसळत असे तो त्यानंतर कितीतरी वेळाने, भलत्याच ठिकाणी मेमरी परत करणाऱ्या फ्रीमध्ये. दोन दिवस मी त्या निरपराध फ्रीकडेच पाहत बसलो होतो. ॲड्रेस सॅनिटायझर (मिळालेल्या जागेबाहेरचे वाचन-लेखन पकडणारे साधन) लावून चालवले असते, तर पहिल्याच चाचणीत उत्तर मिळाले असते.

तेव्हापासून प्रत्येक [१] साठी मी त्या स्ट्रक्चरशी संबंधित सगळे साइजऑफ एकामागून एक वाचतो. त्यांचे वेष अनेक असतात. स्ट्रक्चरच्या नावाने लिहिलेला साइजऑफ सहज सापडतो; पॉइंटरच्या नावाने, टाइपडेफने किंवा मॅक्रोच्या आत लिहिलेला सापडत नाही, म्हणून तो कॉक्सिनेलने शोधावा. ‘आलेल्या संदेशाची लांबी साइजऑफपेक्षा कमी असेल तर नाकार’ अशी तपासणी असेल, तर घोषणा बदलल्यावर ती १२ ऐवजी ८ बाइटांवर समाधान मानेल. रिकामी फेरी स्वीकारायची की नाही, हा इथे भाषेचा प्रश्न उरत नाही, कामकाजाचा होतो, आणि त्याचे उत्तर कोड लिहिणाऱ्याला विचारूनच ठरवावे. पॉइंटर अधिक एक असे लिहून ‘स्ट्रक्चरनंतरची जागा’ गाठणारा कोडही साइजऑफवरच चालतो, मात्र त्यात तो शब्द कुठेही लिहिलेला नसतो.

स्टॅकवर किंवा स्थिर चल म्हणून घोषित केलेली स्ट्रक्चरे स्वतंत्रपणे तपासावीत. एकाच वाहनाची फेरी असेल तेव्हा कोणी मॅलॉक न वापरता ‘स्ट्रक्ट फेरी फ;’ असे लिहून थेट पहिला घटक भरला असेल, तर ते [१] असताना वैध होते. रिकाम्या कंसानंतर त्या घटकाला जागाच उरत नाही. एका स्ट्रक्चरला दुसरे स्ट्रक्चर बरोबर चिन्हाने सोपवले असेल तर पूर्वी पहिला घटक नकलला जात होता, आता तोही नकलला जाणार नाही. स्ट्रक्चरांचा ॲरे केला असेल तर ती मूळ रचनाच पुन्हा विचारात घ्यावी लागेल, कारण लवचीक शेपूट असलेल्या स्ट्रक्चरांचा ॲरे प्रमाण सीला मान्य नाही.

काही ठिकाणी जुन्या लेखकाने ‘वजा एक’ लिहिलेलाच नसतो. तो १२ + २४ = ३६ बाइट मागतो, म्हणजे चार बाइट फुकट. घोषणा बदलल्यावर हिशेब आपोआप ३२ वर येतो आणि माणूस खूश होतो. मात्र त्या फुकटच्या चार बाइटांत कोणी शेवटी चेकसम ठेवत नाही ना, हे पाहिल्याशिवाय खूश होऊ नये. मला एकदा असा चेकसम सापडला आहे.

शून्य संख्येचाही विचार इथेच करावा. जुन्या हिशेबात वाहन_संख्या यू३२ प्रकारची असेल, तर रिकाम्या फेरीला ‘शून्य वजा एक’ म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ होतात. ३२-बिट उपकरणावर पुढचा गुणाकार आणि बेरीज गुंडाळली जाऊन योगायोगाने बरोबर ८ बाइट येतात. तोच कोड ६४-बिट सर्व्हरवर आला की तो सुमारे १७ अब्ज बाइट मागतो. नव्या घोषणेत ‘वजा एक’ नाहीसा होतो, म्हणून हा दोषही जातो. या बदलाचा हा फायदा फारसा कोणी सांगत नाही.

पॅडिंगचा फास

[१] काढल्यावर साइजऑफ नेहमी एका घटकाने कमी होतो, अशी समजूत अनेकांची असते आणि ती चूक आहे. यू३२ चा क्रमांक, त्यानंतर एक बाइटचा प्रकार आणि त्यानंतर एक-एक बाइटचा मजकूर[१], असे एक संदेश स्ट्रक्चर घ्या. मजकूर (शून्यापासून मोजता) पाचव्या बाइटवर सुरू होतो, पण चारच्या अलाइनमेंटमुळे, म्हणजे आकार चारच्या पटीत आणण्यासाठी शेवटी रिकामे बाइट (पॅडिंग) जोडले गेल्यामुळे, साइजऑफ ८ येतो. रिकामा कंस केल्यानंतरही तो ८ च राहतो. जुना कोड ‘साइजऑफ वजा एक अधिक लांबी’ असे लिहीत असेल, तर दहा बाइटच्या मजकुरासाठी तो १७ देत होता. वजा एक काढून टाकला तर १८ येतील. खऱ्या माहितीला लागतात १५.

केवळ मेमरी मागायची असेल तर हे दोन-तीन बाइट सोडून द्यावेत. हीच संख्या नेटवर्कवर पाठवण्याची लांबी असेल, तर मात्र समोरचे यंत्र १७ ची वाट पाहत असते आणि आपण तिथे १७ च पाठवायला हवेत, भले त्यांतले दोन बाइट निरर्थक असोत. अशा वेळी तो आकडा ऑफसेटऑफ (सदस्य कितव्या बाइटवर सुरू होतो ते सांगणारा मॅक्रो), मजकुराची लांबी आणि ‘जुन्या आराखड्यातील शेवटचे दोन बाइट’ अशा स्पष्ट नावाच्या स्थिरांकाने लिहावा. ते दोन बाइट शून्याने भरलेलेही असावेत, नाही तर मेमरीतील जुनी माहिती त्यांतून बाहेर जाते.

पाचवा टप्पा: बाहेर जाणारी स्ट्रक्चरे

फाइलीतून फेरीची नोंद वाचणारा जुना कोड आधी साइजऑफइतके बाइट वाचतो आणि मग उरलेली वाहने. नव्या घोषणेनंतर तो १२ ऐवजी ८ बाइट वाचेल, बाकी हिशेब तोच राहिला तर एक वाहन कमी वाचेल, आणि तिथून पुढची प्रत्येक नोंद चार बाइटांनी सरकलेली दिसेल. लिनक्सवर आयओसीटीएल, म्हणजे ड्रायव्हरला क्रमांकाने हुकूम देणारी हाक, वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खोच आहे: आयओसीटीएलचा क्रमांक तयार करणारे नेहमीचे मॅक्रो त्या क्रमांकातच स्ट्रक्चरचा साइजऑफ भरतात. आकार बदलला की क्रमांक बदलतो, आणि जुना प्रोग्राम नव्या ड्रायव्हरला हाक मारतो तेव्हा तिथे कोणी ओ देत नाही.

अशा स्ट्रक्चरांचा आकार बदलू नये. त्यांच्या शेवटी निनावी युनियन ठेवावी, तिच्यात जुना [१] चा सदस्य जुन्याच नावाने राहू द्यावा आणि त्याच्या जोडीला नव्या नावाचा लवचीक ॲरे डिक्लेअर-फ्लेक्स-ॲरेसारख्या मॅक्रोने बसवावा. साइजऑफ १२ च राहतो, बाहेरचे जुने प्रोग्राम पूर्वीसारखे चालतात आणि आपला आतला कोड नव्या नावाने ॲरे वापरतो. हेडर फाइल सी++ मध्येही समाविष्ट होत असेल, तर लवचीक ॲरे सी++ च्या प्रमाणात नाही हे लक्षात ठेवावे. बहुतेक कंपायलर तो चालवून घेतात, पण इशाऱ्यांना त्रुटी मानणाऱ्या ग्राहकाचे बिल्ड तुमच्या हेडरमुळे मोडू शकते. या टप्प्यावरची प्रत्येक घोषणा वेगळ्या कमिटमध्ये असावी आणि तिच्यासोबत साइजऑफ व ऑफसेटऑफ यांवर सी११ ची स्टॅटिक ॲसर्ट (कंपाइल होतानाच तपासली जाणारी अट) लिहावी.

सहावा टप्पा: जागा मागण्याची एकच वाट

सगळीकडचे हाताने लिहिलेले गुणाकार-बेरजा दुरुस्त करत बसण्यापेक्षा एक मदतनीस मॅक्रो लिहून सर्वांना त्याच्याकडे वळवावे. कर्नलमध्ये २०१८ पासून स्ट्रक्ट-साइझ हा मॅक्रो याच कामाला आहे: त्याला पॉइंटर, ॲरेचे नाव आणि संख्या दिली की तो एकूण आकार देतो, आणि गुणाकार मर्यादेबाहेर गेला तर लहान खोटी संख्या न देता सर्वांत मोठी शक्य संख्या देतो, जिच्यामुळे मॅलॉक नकार देते. ३२-बिट यंत्रावर १,०७,३७,४१,८२४ ही संख्या घटकाच्या ४ बाइटांनी गुणली की उत्तर बरोबर शून्य येते. अशी संख्या नेटवर्कवरून कोणी मुद्दाम पाठवली तर जागा मिळते ती फक्त ८ बाइटची.

आपल्या कोडसाठी हा मॅक्रो जीसीसी आणि क्लँगच्या अंगभूत ओव्हरफ्लो-तपासणीवर वीस ओळींत होतो. सी२३ वापरणाऱ्यांना प्रमाणातच तपासलेले गुणाकार आणि बेरीज मिळतात.

सातवा टप्पा: पडताळणी

[०] च्या कमिटनंतर ऑब्जेक्ट फाइलीतून डीबग माहिती काढून त्या आधाररेषेशी ताडून पाहाव्यात. फरक शून्य यायला हवा. फरक आला तर आधी पाहावे की घोषणेची ओळ तुटून फाइलीत एक ओळ वाढली नाही ना, कारण ॲसर्टसारखे मॅक्रो ओळ क्रमांक बायनरीत भरतात. म्हणूनच या कमिटमध्ये कोणतीही इतर नीटनेटकी आवराआवर करू नये. तो मोह मोठा असतो.

[१] च्या कमिटनंतर फरक येणारच. तिथे ऑब्जडंपने (ऑब्जेक्ट फाइलीतील मशीन कोड छापणाऱ्या साधनाने) फरक पडलेली फंक्शने काढून त्यांची यादी आपण मुद्दाम बदललेल्या फंक्शनांशी जुळवावी. यादीत न सांगता आलेले एखादे फंक्शन दिसले, की तिथे आपल्याला न सापडलेला साइजऑफ आहे असे समजावे. हे एक साधन मला चाचण्यांच्या ढिगापेक्षा अधिक भरवशाचे वाटते. त्यासोबत पाहोलचे आधीचे आणि नंतरचे निष्पन्न ताडावे, आणि सगळ्या चाचण्या ॲड्रेस सॅनिटायझर लावून शून्य, एक, दोन आणि कमाल अशा संख्यांनी चालवाव्यात.

आठवा टप्पा: कडक पातळ्या

कंपायलरच्या स्ट्रिक्ट-फ्लेक्स-ॲरेज या पर्यायाच्या चार पातळ्या आहेत. शून्य ही मूळ पातळी शेवटच्या प्रत्येक ॲरेला लवचीक मानते. पातळी १ फक्त [], [०] आणि [१] यांना मानते, पातळी २ फक्त [] आणि [०] यांना, तर पातळी ३ केवळ रिकाम्या कंसाला. पातळी १ लवकर चालू करावी, कारण ती [४] आणि [८] च्या वेषातील खोटे ॲरे उघडे पाडते. पातळी ३ चालू होते त्या दिवशी बोटीच्या नावाच्या त्या [१६] ला पहिल्यांदा खरी मर्यादा मिळते, आणि त्या दिवशी एक-दोन जुने दोष फोर्टिफायच्या तपासणीत धडकून प्रोग्राम थांबवतील याची तयारी ठेवावी. ग्राहकाकडे पाठवण्याच्या आदल्या दिवशी ही पातळी चालू करू नये.

लवचीक शेपटीचे स्ट्रक्चर दुसऱ्या स्ट्रक्चरच्या मध्यभागी बसवलेले असेल, तर ते शोधणारा इशारा जीसीसी १४ पासून आहे. त्यावरचा उपाय म्हणजे ठरावीक सदस्यांचे वेगळे ‘शीर्ष’ स्ट्रक्चर करणे आणि मध्यभागी फक्त ते शीर्ष वापरणे. मोठ्या कोडमध्ये हे इशारे शेकड्यांनी येतात, म्हणून ते वेगळे काम समजून पुढच्या फेरीसाठी ठेवले तरी चालते.

नववा टप्पा: संख्या कुठे आहे ते सांगणे

रिकामा कंस कंपायलरला ‘या ॲरेची मर्यादा मला माहीत नाही’ एवढेच सांगतो. ती मर्यादा वाहन_संख्या या सदस्यात आहे, हे सांगण्यासाठी काउंटेड-बाय हे ॲट्रिब्यूट क्लँग १८ आणि जीसीसी १५ पासून मिळते. ते लावल्यावर बाउंड्स सॅनिटायझर आणि फोर्टिफाय दोघांनाही प्रत्यक्ष चालताना मर्यादा कळते. दुसऱ्या टप्प्यातील यादीचा चौथा रकाना याचसाठी भरून घेतला होता.

हे ॲट्रिब्यूट लावताना लिहिण्याचा क्रम तपासावा. अनेक जुन्या फंक्शनांत आधी घटक भरले जातात आणि सगळ्यात शेवटी संख्या लिहिली जाते. कॅलॉकने शून्य केलेल्या स्ट्रक्चरमध्ये त्या क्षणी संख्या शून्य असते, म्हणून पहिलाच घटक भरताना तपासणी त्याला मर्यादेबाहेरचा ठरवते. संख्या जागा मिळाल्याबरोबर लिहावी, किंवा एकेक वाहन चढवताना आधी संख्या वाढवून मग ‘संख्या वजा एक’ या जागी नोंद करावी. ज्या स्ट्रक्चरमध्ये तो सदस्य घटकांची संख्या न सांगता बाइटांची लांबी सांगतो, किंवा शीर्ष धरून एकूण लांबी सांगतो, तिथे हे ॲट्रिब्यूट लावू नये. तिथे तो रकाना रिकामाच ठेवून घोषणेशेजारी टिपण लिहावे.